दारू सोडा, रीत घ्या

श्री. रायभान दाभाडे यांना चहा दिला, की ते लगेच पीत नाहीत. उजव्या हाताची अनामिका चहात बुडवतात आणि तीन थेंब उडवतात. पहिला आकाशाकडे, दुसरा जमिनीकडे, तिसरा समोर. आकाशाच्या जागी आमचे छत आहे, जमिनीच्या जागी फरशी, आणि समोर जी भिंत आहे तिला मी गेल्या दिवाळीत रंग दिला होता. त्या भिंतीवर आज छातीच्या उंचीवर तपकिरी ठिपक्यांचा एक पट्टा आहे. पाहुणे विचारतात, ओल आली का? मी सांगतो, नाही, मंगोलिया.

चहा कढत असतो. बोट भाजत नाही का, असे मी एकदा विचारले.

"भाजतं की," दाभाडे म्हणाले. "पण हेडसर, चहा गार व्हायची वाट बगितली तर मंग ती रीत कसली?"

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. वैजापुरात तेवीस वर्षे शाळा चालवली. निवृत्तीनंतर सिडकोतील या घरात राहतो. माझ्या दृष्टीने माणसे दोन प्रकारची असतात: वेळेवर येणारी आणि कारणे सांगणारी. दाभाडे पहिल्या प्रकारातले आहेत. त्यामुळे त्यांच्या बाकीच्या प्रकारांकडे मी दुर्लक्ष करू शकलो.

सुरुवातीला ते जमले नव्हते. सात वर्षांपूर्वी ते समोरच्या घरात राहायला आले, तेव्हा टेम्पोतून पहिल्यांदा पलंग उतरला नाही, गॅस उतरला नाही. एक काचेचे कपाट उतरले, आणि मग गोधडीत गुंडाळलेले पेले. चार तास पेलेच उतरत होते. मातीचे, पितळेचे, शिंगाचे, अंगठ्याएवढे, तांब्याएवढे. कपाट खिडकीत उभे राहिले. दोन दिवसांनी कळले, की गृहस्थ चिकलठाण्याच्या एका दारूच्या कारखान्यात एकतीस वर्षे नोकरीला होते. मी पत्नीला सांगितले, समोर नमस्कारापलीकडे बोलायचे नाही. पत्नी म्हणाली, "मी कालच विरजण देऊन आले."

कारखान्यात त्यांचे काम चव घेण्याचे होते. कोणता माल बाटलीत जायचा आणि कोणता परत टाकीत, हे त्यांची जीभ ठरवी. प्रयोगशाळेत उपकरणे होती, पदवीधर होते. शेवटचा शब्द दाभाड्यांचा असे. आणि या माणसाने आयुष्यात दारूचा एक थेंब गिळलेला नाही.

हे मला अशक्य वाटले. त्यांनी समजावून सांगितले. घोट तोंडात घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, नाकाने श्वास सोडायचा, थुंकायचे, चूळ भरायची. दिवसाला चाळीस नमुने. शेजारी एक पत्र्याची बादली. दाभाडे बौद्ध आहेत. पंचशीलातले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे, आणि ते त्यांनी लहानपणी देवगाव रंगारीच्या विहारात, आईचा पदर धरून घेतले होते. आणि नोकरी मिळाली ती दारूच्या कारखान्यात. विहारात एका ज्येष्ठाने चारचौघांत विचारले, "रायभान, दिवसभर दारूत आन् संध्याकाळी इथं पाचवं शील म्हणतोस, लाज नाय वाटत?"

दाभाडे उभे राहिले. "बाबा, तुम्ही ते पौर्णिमेला एकदा म्हणता. मला रोज चाळीस वेळा म्हणावं लागतं. एका घोटाला एकदा."

मी अनेक माणसांना निर्व्यसनी म्हणून प्रमाणपत्रे दिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांना व्यसन कधी भेटलेच नव्हते. दाभाड्यांना ते रोज सकाळी साडेआठला, पगारी भेटत होते.

तरी घरी एक तपासणी होतीच. कामावरून आले, की पत्नी कौसाबाई दारात उभ्या. "दावा तोंड." दाभाडे तोंड उघडत, कौसाबाई वास घेत, मग उंबरा ओलांडायची परवानगी. "कंपनी माझ्या नाकावर चालायची," दाभाडे सांगत, "आन् मी कौसाच्या." निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना आपली सर्वांत भारी बाटली दिली, लाकडी पेटीसकट. दाभाड्यांनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, "नमुना तपासलेला नाही", आणि ती साहेबाच्या टेबलावर ठेवून दिली. पेटी घरी आणली. त्या पेटीत कौसाबाई सुया आणि बटणे ठेवू लागल्या.

कौसाबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. कावीळ झाली, पंधरा दिवसांत संपल्या. त्यानंतर साधारण महिन्याने, संध्याकाळी पाच वाजता, दाभाडे प्रथमच चहाच्या वेळी आमच्या दारात आले. बसले. पत्नीने चहा आणला, तेव्हा त्यांनी खिशातून स्वतःचा पेला काढला आणि टेबलावर ठेवला.

 दाभाडे कोण, आम्ही कोण, आणि आपल्याकडे कोणाला स्वतःचा पेला घेऊन यावे लागत असे, हे मला आणि पत्नीला एकाच वेळी आठवले. पत्नीचा चेहरा उतरला. "भाऊ, आमच्या घरात वेगळा कप नाही," ती म्हणाली. 

दाभाड्यांच्या ध्यानात आले. ते मोठ्याने हसले. "नाय नाय वहिनी, त्या कारणानं नाय! ह्यो कोरियाचा हाय. एक इंजिनियर आलता तिकडला, त्यानं दिला. वडीलधारी माणसं ओतायला लागली, की पेला दोन्ही हातांनी धरायचा आन् तोंड वळवून प्यायचं. तुमच्या कपाला कान हाय, दोन हात बसत नाय." आणि त्यांनी पेला दोन्ही हातांनी पुढे केला, चहा घेतला, भिंतीकडे तोंड केले आणि प्याले. पत्नी डोळे पुसून हसली. मी हसलो नाही. पण दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी घड्याळ पाहिले, हे खरे आहे.

तेव्हापासून ते रोज येत. रोज एक वेगळा पेला खिशात, आणि रोज एक देश. कारखान्यात यंत्रे बसवायला, माल बघायला परदेशी माणसे येत. इतर लोक त्यांच्याकडे घड्याळ, पेन मागत. दाभाडे विचारत, "तुमच्याकडं कसं पितेत?" इंग्रजी त्यांचे बेताचे होते, हाताने पेला करून दाखवत. मग ती माणसे उठून उभी राहत आणि आपल्या गावची रीत करून दाखवत. पुढच्या खेपेला येताना पेला घेऊन येत. दाभाडे पाण्याने ती रीत गिरवत, आणि रात्री वहीत उतरवत.

त्यांचे एक पालुपद आहे. "दारू सोडा हेडसर, रीत घ्या." त्यांचे म्हणणे असे, की दारू सगळीकडे सारखीच, धान्य, फळ किंवा झाड कुजवायचे आणि वाफ गार करायची. त्यात शिकण्यासारखे काही नाही. माणसाने ती पिताना स्वतःला आवर घालण्यासाठी जे नियम केले, ते शिकण्यासारखे. रशियात रिकामी बाटली टेबलावर ठेवत नाहीत, खाली ठेवतात. म्हणून आमची रिकामी किटली दाभाडे खुर्चीखाली सारतात. पत्नीने ती दोनदा लाथेने उडवली आहे. जर्मनीत पेल्याला पेला लावताना डोळ्यांत डोळे घालून पाहायचे, दाभाडे पाहतात. मुख्याध्यापकाच्या डोळ्यांत इतका वेळ पाहण्याची कोणाची हिंमत नव्हती. तुर्कस्तानची राकी पाण्यासारखी असते, पाणी घातले की दुधासारखी होते, तिला ते सिंहाचे दूध म्हणतात. त्या दिवशी आमच्याकडे ताक होते. दाभाड्यांनी ताकाला सिंहाचे दूध म्हटले आणि माझ्या पत्नीने दिवसभर मला सिंह म्हटले. मेक्सिकोतल्या मेस्कलची रीत मी येथे लिहिणार नाही. ती चुंबनाशी संबंधित आहे.

मंगोलियाचे तीन थेंब मात्र त्यांनी रोजचे केले. मी कारण विचारले. ते म्हणाले, "आमच्या कंपनीत सातपुड्यातला एक गडी होता. मोहाची काढली, की तिकडं पहिली धार जमिनीवर सोडतेत, पूर्वजांना. आता सातपुडा कुठं, मंगोलिया कुठं? कधी भेटले नाय, चिठ्ठी नाय, फोन नाय. पण पहिला थेंब दोघंबी सोडतेत. म्हणजे दोघांलाबी ठाऊक हाय, की आपल्याआधी कुणीतरी तहानलेलं आसतंच."

मी शाळेत इतिहास शिकवला. इतके थोडक्यात मला तो कधी सांगता आला नाही.

त्यांच्या रीतींपैकी एक मला मुळीच पटली नव्हती. एकदा पत्नी औरंगपुऱ्यात खरेदीला गेली होती. चहा मी केला. किटली टेबलावर दाभाड्यांच्या पेल्याशेजारी ठेवली, माझा कप भरून घेतला आणि पिऊ लागलो. दाभाडे बसून राहिले. माझा चहा संपला. ते किटलीकडे पाहत होते.

"घ्या," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. घेतला नाही. अर्ध्या तासाने चहा गार झाला. दाभाडे उठले, नमस्कार केला, गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा केला: जपानात स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत. समोरच्याने आपला भरायचा, आपण समोरच्याचा.

"ही जपानची रीत आहे, की आळस?" मी विचारले.

"आळसबी आसंल, हेडसर," दाभाडे म्हणाले, आणि त्यांनी भिंतीवर मंगोलिया उडवला.

मी तो आळसच धरला. घरी नेहमी पत्नी चहा ओते, त्यामुळे प्रश्न पुन्हा आला नाही.

गेल्या मार्चमध्ये त्यांनी ती वही माझ्याकडे आणून दिली. जाड, कापडी बांधणीची, कारखान्याच्या शिक्क्याची. प्रत्येक पानावर चार रकाने: देश, पेय, पेला, रीत. "शुद्धलेखन तपासा," ते म्हणाले. "नातवंडांनी वाचली, तर आजोबा अडाणी होता म्हणू नये." मी लाल रिफिली आणल्या आणि रोज दोन पाने तपासू लागलो. चुका भरपूर होत्या. माहितीत एकही नव्हती.

मे महिन्यात माझ्या नातीचा साखरपुडा आमच्या घरी झाला. मुलाचे वडील आप्पासाहेब वैजापूरचे, कांद्याची आडत. ते माझे जुने विद्यार्थी. शाळेत असताना मी त्यांना दोन वेळा वर्गाबाहेर उभे केले होते. आता ते नातीचे होणारे सासरे, म्हणजे आमच्या घराचे व्याही म्हणून येत होते. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले होते. हे सर्व मी सांगतो आहे, कारण पुढे लागणार आहे.

पन्ह्याची व्यवस्था दाभाड्यांनी मागून घेतली. मी होकार दिला. ही माझी चूक. पन्हे सगळ्यांच्या हाती गेल्यावर ते खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"मंडळी, जॉर्जिया म्हणून देश हाय. तिथं पंगतीला एक म्होरक्या आसतो. त्याला तामादा म्हणतेत. तो बोलल्याबिगर कुणी पेला तोंडाला लावायचा नाय. आज मी तामादा."

आठदहा जणांनी ओठांशी नेलेले पेले खाली घेतले. बाहेर बेचाळीस अंश तापमान होते. मी दाभाड्यांना एका मिनिटाची परवानगी खुणेने दिली. ते अकरा मिनिटे बोलले. पहिला पेला पूर्वजांसाठी, दुसरा पाहुण्यांसाठी. खरे सांगायचे तर चांगले बोलले. मुलीच्या पणजीचे नाव घेतले, तेव्हा वरपक्षातल्या बायकांनीही पदर डोळ्यांना लावला. तिसऱ्या पेल्याला ते म्हणाले, "आता व्याही-व्याही. चीनमधी रीत हाय, की ज्याला मान द्यायचा, त्याच्या पेल्याच्या खाली आपला पेला धरायचा. मंग टेकवायचा."

मी मुलीकडचा. मान देणे माझे काम. मी माझा पेला आप्पासाहेबांच्या पेल्याच्या दोन बोटे खाली धरला.

"आसं कसं, सर?" आप्पासाहेब म्हणाले. "तुम्ही गुरू." आणि त्यांनी आपला पेला माझ्या खाली नेला.

"आपण व्याही," मी म्हणालो, आणि खाली गेलो.

"पाप लागंल, सर." ते आणखी खाली.

वरपक्ष उभा होता, वधूपक्ष उभा होता, सर्वांचे लक्ष दोन पेल्यांवर होते. आता थांबणे म्हणजे मान राखून घेणे. कोणी थांबेना. आम्ही कमरेत वाकलो, मग गुडघ्यांत. मी शाळेत रोज सूर्यनमस्कार घातले आहेत. मी उकिडवा बसलो. आप्पासाहेब थेट जमिनीवर बसले, आणि त्यांनी पेला फरशीवर ठेवला. त्याच्या खाली जाणे कोणालाच शक्य नव्हते. ते जिंकले. दाभाडे गंभीरपणे म्हणाले, "टेकवा." मी टेकवला. आप्पासाहेबांचा पेला कलंडला, पन्हे त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर सांडले, आणि मग सर्वांच्या लक्षात आले, की त्यांना उठता येत नाही.

तीन जणांनी त्यांना उचलले. कोणीतरी हसले. बहुतेक माझी नात. तेवढ्यात आप्पासाहेबांच्या भगिनी, मुलाच्या आत्या, पुढे झाल्या. त्यांनी दाभाड्यांना विचारले, "ही रीत कशाची म्हणायची हो, दादा?"

दाभाडे खोटे बोलत नाहीत. "दारूची, ताई."

"दारूची?"

"चिनी. ज्वारीपासून काढतेत. आपलीच ज्वारी, ताई. आपण भाकरी करतो, ते पितेत. लई कडक आसती."

आत्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "म्हंजी सरांच्या घरात हे शिकवत्यात," त्या म्हणाल्या, आणि भावाला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. आप्पासाहेबांचे दोन भाऊ गेले, मुलगाही गेला. दार बंद झाले.

पाच मिनिटे झाली. दहा झाली. बाहेर पन्हे कोणी पीत नव्हते. माझी नात भिंतीशी, मंगोलियाच्या ठिपक्यांखाली उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. आतून पुरुषांचे दबलेले आवाज येत होते. मी दाभाड्यांजवळ गेलो. आवाज न चढवता, स्पष्ट म्हणालो, "दाभाडे, उद्यापासून तुमचा पेला तुमच्या घरी ठेवा."

वाक्य तोंडातून गेल्यावर मला ऐकू आले. असे वाक्य कोण कोणाला म्हणत आले आहे, हे मी वर्गात शिकवले होते.

दाभाड्यांनी हातातला कोरियाचा पेला रुमालाने पुसला. खिशात ठेवला. "व्हय, सर," म्हणाले. हेडसर म्हणाले नाहीत. आणि चप्पल घालून गेले.

विसाव्या मिनिटाला आतले दार उघडले. आप्पासाहेब बाहेर आले. त्यांनी माझा पायजमा घातला होता. त्यांचे पोट माझ्या दुप्पट असल्याने नाडी पुरत नव्हती, आणि वीस मिनिटे आत तिघे भाऊ मिळून तिला सुतळी जोडत होते. एवढाच मुद्दा चर्चेला होता. आत्याबाई सुतळी शोधत होत्या.

"ते दाभाडेसाहेब कुठं गेले?" आप्पासाहेबांनी विचारले. "चौथा पेला ऱ्हायला की. लई वर्षांनी एवढा हसलो, सर. शाळेत तुम्ही हसूच दिलं नाय."

साखरपुडा व्यवस्थित पार पडला.

मी समोर गेलो नाही. मुख्याध्यापकाला माफी मागण्याचा सराव नसतो. त्याच्याकडे माफीपत्रे येतात. दुसऱ्या दिवशी पाच वाजता पत्नीने सवयीने तिघांचा चहा केला. तिसऱ्याचा किटलीतच राहिला.  त्यानंतर आठ दिवस पत्नी मला काहीच बोलली नाही. घड्याळ पाच वाजल्याचे दाखवी, आणि आम्ही दोघे ठिपके असलेल्या भिंतीकडे पाहत चहा पीत असू. त्या खोलीत चार वर्षे रोज एक देश येत असे. आता फक्त आम्ही होतो.

वही माझ्याकडे होती. ती परत करायची, तर तपासून पूर्ण करायला हवी. मी दोनाऐवजी रोज दहा पाने तपासू लागलो. पेरू, पोलंड, स्कॉटलंड, गोवा. नवव्या दिवशी दुपारी शेवटचे लिहिलेले पान आले. शाई नवी होती. अक्षर तेच. ते पान मी जसेच्या तसे उतरवतो.

"देश: देवगाव रंगारी, ता. कन्नड. पेय: चहा, साखर जास्ती. पेला: दोन कप. एकाचा कान तुटलेला, तो तिचा, मला घेऊ द्यायची नाही. रीत: आधी दारात तोंडाचा वास घेणे. पास झाल्यावर आत घेणे. जपानची रीत तिला सांगितली ती तिला आवडली. तवापासून तिचा कप मी भरायचा, माझा तिने. आपला आपण भरायचा नाही. सव्वीस वर्षे दोघातून कुणी मोडली नाही. भांडण झालं तरी नाही. शेरा: आता रीत चालू ठेवायला दुसरं माणूस लागतं. हेडसरांच्या घरी वहिनी भरतेत. त्यांना माहीत नाही."

मी लाल पेनाला टोपण लावले.

पाच वाजायला पाच मिनिटे असताना मी वही घेऊन रस्ता ओलांडला. सात वर्षांत त्या घरात मी प्रथमच जात होतो. हे वाक्य लिहितानाही मला बरे वाटत नाही. दाभाड्यांनी दार उघडले. थोडे वाळले होते.

"या, सर."

आत काचेचे कपाट, साठ-सत्तर पेले, सगळे लख्ख. टेबलावर किटली होती, वाफ येत होती. शेजारी दोन कप. एकाला कान नव्हता. दोन्ही कोरडे होते. भिंती मी पाहिल्या. एकही ठिपका नव्हता.

"इथे मंगोलिया नाही?" मी विचारले.

"कौसाला चालायचं नाय. भिंती खराब करायच्या तर दुसऱ्याच्या करा म्हणायची."

"आणि हा चहा?"

दाभाड्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवले. "रोज पाचाला करतो. सवय. मंग गार झाला, की त्या कढीपत्त्याला घालतो. बगा कसा माजलाय."

कढीपत्ता खरोखर माझ्या खांद्याइतका झाला होता. मी वही टेबलावर ठेवली.

"तपासली."

"चुका लई आसतील."

"होत्या. सर्वांत मोठी माझी होती. साखरपुड्याच्या दिवशी. ती तुमच्या घरी येऊन सांगायची होती."

माझ्या आठवणीत मी हे प्रथमच कोणाला म्हणालो.  खाली पाहत दाभाड्यांनी टेबल पुसले. स्वच्छ होते, तरी पुसले. मग कपाटाकडे गेले, दार उघडले आणि पाठ करूनच विचारले, "हेडसर, तुम्हाला कुठल्या देशातला देऊ?"

"जपान," मी म्हणालो.

त्यांचा हात कपाटात थांबला.  मग त्यांनी एक लहान, निळ्या कडेचा पेला काढला, रुमालाने पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. बसले. त्यांच्यापुढे कान असलेला कप होता. तिसरा, कान तुटलेला, होता तिथेच राहिला.

मी किटली उचलली आणि त्यांचा कप भरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. कान होता, तरी धरला. किटली मी आमच्या मध्ये ठेवली.

माझा पेला रिकामा होता. मी हात मांडीवर ठेवले, आणि थांबलो.